प्रत पाहिली नाही

भोर, ४ ऑगस्ट २०२५

श्री. सौमित्र यांस,

चिरंजीव लिहिलेलं नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमचा ग्रंथ निघाल्याचं मला शेजारच्या सुलूकडून कळलं. नगरपालिकेतून आली ती चपला न काढताच आत शिरली, मोबाईल नाचवत. "लेआबाई, आपल्या सौमित्रचं पुस्तक जर्मनीत छापलं! तुमच्या लोकांच्या मराठी पुस्तकांची यादी!" तिला वाटलं मी पेढे आणायला उठेन. मी म्हटलं, यादी वाण्याची असते, याला सूची म्हणतात. आणि आपला सौमित्र म्हणजे कोण?

आम्हा बेने इस्राएल लोकांनी, कोकणातल्या यहुद्यांनी, मराठीत जे जे छापलं ते सगळं एका सूचीत आणायचं, हे काम कोणाचं, हे भोरच्या चौपाटीवरचा पानवालासुद्धा सांगेल. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि सुट्टी लागली की घाट उतरून कोकणात जायचं. पेण, रोहा, मुरूड. सिनेगॉगची कपाटं, म्हाताऱ्यांच्या पेट्या, गाद्यांखालचे कागद. प्रार्थनेची पुस्तकं, कीर्तनं, पंचांगं, मासिकांचे सुटे अंक. माझा भाऊ इस्राएलला गेला, मावश्या गेल्या, भोरात मी एकटी उरले. भावाने तिकीट पाठवलं होतं. मी म्हटलं, मी आले तर ही पुस्तकं कोण बघणार? चाळीस वर्षं हेच केलं. लग्नसुद्धा राहून गेलं त्यात, आणि त्याचं मला काही वाटत नाही, असं मी लोकांना सांगते.

आणि माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जी प्रत स्वतःच्या हातात घेतली नाही तिची नोंद करायची नाही. नोंदीच्या शेवटी एकच शब्द: पाहिली. त्या शब्दावर माझी सूची उभी आहे.

आता ऐका. नोंद क्रमांक २१४. "एलियाहू हन्नबीचे गाणे. जमविणार सारूबाई बिरवाडकर. भोर. पहिल्या पानावर तेलाचा डाग. पाहिली."

हे पुस्तक जगात नाही. कधीच नव्हतं. सारूबाई माझी आई, तिला सही येत नव्हती. ती नोंद माझ्या मनाने रचलेली आहे. शेतकरी खाचरात बुजगावणं उभं करतो तसं. मुंबईच्या एका प्राध्यापकाने एकदा माझ्या पन्नास नोंदी उचलून आपल्या नावावर छापल्या, तेव्हा सिद्ध काहीच करता आलं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं लागतं. तुम्ही माझी कार्डं संगणकावर उतरवायला बसलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी बुजगावणं उभं केलं.

सुलूच्या मोबाईलवर तुमच्या ग्रंथाची मधलीच चार पानं उघडतात. चौथ्या पानाच्या तळाशी काय आहे? "एलियाहू हन्नबीचे गाणे. सारूबाई बिरवाडकर. महाड. पहिल्या पानावर तेलाचा डाग." तिथे पान संपतं, पुढचं उघडत नाही. पण मला पुढचं हवंय कशाला? भोरचं महाड केलंत, म्हणजे चोरी झाकायची अक्कल होती. तेलाचा डाग पुसायचं मात्र सुचलं नाही!

सुलू म्हणते तुमची नोकरी या ऑक्टोबरात कायम व्हायची आहे. बरं झालं सांगितलं. तुमच्या विद्यापीठाला काय लिहायचं ते मी ठरवते आहे. त्याआधी तुम्हाला बोलायची संधी देते. चोरालासुद्धा पंच विचारतात.

तू माझ्या हातची पुरणपोळी खाल्लीस रे. हिब्रूचं अलेफ-बेत माझ्या ओट्यावर बसून गिरवलंस. लाज नाही वाटली?

वर तुम्ही लिहिलं होतं आणि खाली तू आलं. खोडत नाही. पत्र पुन्हा लिहिण्याची तुमची लायकी नाही.

लेआ बिरवाडकर


भोर, २२ ऑगस्ट

सौमित्र,

तुम्ही-तुम्ही लिहायचा कंटाळा आला. रागवायला तूच बरा पडतो.

माझं पत्र तुला मिळालं की नाही ते कळत नाही. उत्तर नाही. उत्तराऐवजी काल पोस्टमन तुझं पार्सल घेऊन आला. जर्मनीची तिकिटं, आत जाड काहीतरी. मी हातही लावला नाही. "घेणार नाही" असं लिहून सही केली. पोस्टमन म्हणाला, "बाई, पुस्तक दिसतंय." मी म्हटलं, म्हणूनच. माझ्याच शेतातलं भात मला भेट म्हणून पाठवायचं आणि मी ते शिजवून खायचं होय?

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. पार्सल परत गेल्याचं कळल्यावर सुलूला राहवलं नाही. म्हणाली, "लेआबाई, इतकं तोडू नका हो. गेल्या दसऱ्याला एवढा लांबून आला होता बिचारा."

कोण आला होता? कुठे?

"तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं तुम्हीच दार उघडलं नाही."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या दसऱ्याला तू भोरात होतास. माझ्या दारासमोर उभा होतास. सुलू सोनं वाटायला निघाली होती, तिने जिन्यातून पाहिलं. तू दाराच्या चौकटीला हात लावून काहीतरी करत होतास. उजव्या बाजूला, वर, जिथे आमच्या मेझुझाची डबी ठोकलेली आहे. मग उंबऱ्यापाशी वाकलास. मग दाराचा फोटो काढलास. आणि सुलूने हाक मारायच्या आत गेलास. पुढे गोरखच्या टेम्पोत बसून वरंध्याच्या घाटाकडे गेलास, हेही तिने बाजारात ऐकलं. हे सगळं माझ्यापासून दहा महिने लपून राहिलं! भोर एवढंसं गाव, इथे कोणाची मांजर व्याली तरी संध्याकाळपर्यंत कळतं.

मला सांग, जो माणूस भेटायला येतो तो कडी वाजवतो. तू वाजवली नाहीस. मी आतच होते. त्या दिवशी आमचा दार लावायचा सण होता, दारफाळणीचा. तुला शिकवलेलं आहे मी. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडताना दार लागतं, ते दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावरच उघडतं. दिवसभर उपास, प्रार्थना, कोणाला भेटायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. तुला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो दिवस निवडलास. बाई बाहेर येणार नाही याची खात्री करून आलास.

चौकटीत काय शोधत होतास? मी मेझुझा काढून पाहिला. वचनांचं चर्मपत्र आत आहे. म्हणजे ते नेलं नाहीस. मग काय नेलंस? रात्रभर घरातल्या कार्डांच्या पेट्या उघडून बघत बसले. काही गेलेलं नाही. त्याने मला आणखीनच धास्ती वाटते आहे.

फोटो कशाला काढलास ते लिही. खरं लिही.

लेआ


भोर, १० सप्टेंबर

सौमित्र,

तुझं उत्तर सुलूच्या मोबाईलवर आलं. तिने मोठ्याने वाचलं आणि मध्येच तिचा गळा भरून आला. तिला गळा भरून यायला काही लागत नाही, जाहिराती बघूनही रडते.

माझं मन तसं नाही. मी तुझं म्हणणं तपासलं. एकेक घेते.

तू म्हणतोस, विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, सुट्टी तेवढीच मिळाली, आणि भोरात उतरल्यावर माझं बंद दार बघून आठवलं की आज दारफाळणी. माझ्याकडे हिब्रू शिकलेला, जर्मनीत आमच्या लोकांवर भाषणं देणारा माणूस, आणि तिथी विसरतो? तुझं म्हणणं, दसरा लक्षात होता, दारफाळणीही त्याच दिवशी येईल हे डोक्यात आलं नाही. हे मात्र खरं असू शकतं. तुझं डोकं लहानपणापासून असंच आहे. कार्डांवर शक लिहायचास आणि इसवी सन विसरायचास.

तू म्हणतोस, कडी वाजवली असती तर बाईंचा उपास मोडला असता. बरं.

तू म्हणतोस, चौकटीवर हात ठेवून तो ओठांना लावला, मी शिकवलं होतं तसा. उंबऱ्यावर सोनं ठेवलं, आपट्याची दोन पानं, कारण दरवर्षी तू पहिलं सोनं मला द्यायचास. त्या रात्री तारे बघून मी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर पानं होती खरी. दसऱ्याला कोणाचीही पोरं कुठेही पानं टाकून जातात. मी केरसुणीने झाडून टाकली. म्हणजे तू म्हणतोस ते खरं असेल तर तुझं सोनं केरात गेलं. आणि खोटं असेल तर तू फार हुशार झाला आहेस.

आता मुख्य गोष्ट. तू म्हणतोस, ते पुस्तक आहे. हिर्डोशीला आहे. ठकुबाईच्या देव्हाऱ्यात आहे. त्या दिवशी माझं दार बंद म्हणून तू तसाच हिर्डोशीला गेलास, माझ्या आईची नोंद लहानपणापासून डोक्यात होती, तिचं गाव तरी बघावं म्हणून. आणि तिथे ती प्रत तुझ्या हातात आली. तिच्यावर मुद्रणस्थळ महाड आहे, म्हणून तू माझी "चूक" दुरुस्त केलीस. माझी चूक!

सौमित्र, अरे मी ते पुस्तक पाटावर बसून चहा पिताना रचलं. शेजारी कोणी नव्हतं. हसू की रडू?

आणि वर हे, की ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पहिलं नाव माझं आहे, तुझं त्याखाली. मला विचारलं नाहीस कारण मी नको म्हटलं असतं. सुलूने लगेच मोबाईलवर तू पाठवलेलं मुखपृष्ठ दाखवलं. होतं नाव. मी तिला म्हटलं, आजकाल मोबाईलवर मेलेली माणसं गाणी म्हणतात, एक नाव छापायला काय लागतं? मोबाईलवर पाहणं म्हणजे पाहणं नव्हे. सुलू म्हणाली, "मग पार्सल का परत केलं?" फार शहाणी झाली आहे.

तक्रार लिहून तयार आहे. पाकिटावर विद्यापीठाचा पत्ता घातला, तिकिटं डकवली. टाकायची तेवढी राहिली आहे. पाकीट रेडिओखाली ठेवलंय. तू घाबरावंस म्हणून सांगत नाही, तुला कळावं म्हणून सांगते.

मी हिर्डोशीला जाणार आहे. साठ-पासष्ट वर्षांत गेले नाही. ठकुबाई जिवंत आहे हेच मला माहीत नव्हतं. आईची मैत्रीण ती. माझ्या डोळ्यांनी बघीन, मग बोलेन.

पाहिल्याशिवाय नोंद नाही.

लेआ


भोर, २५ सप्टेंबर

सौमित्र,

जाऊन आले. कंबर मोडली आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर ते रडण्याचं समजू नकोस.

एसटीच्या भरवशावर राहिले असते तर अजून स्टँडवरच असते. गोरखच्या टेम्पोत पुढे बसून गेले. गोरख म्हणजे ठकुबाईचा नातू निघाला, हे मला त्याच्या टेम्पोत बसल्यावर कळलं. "आजी वळखल का तुमाला, काय सांगता येत न्हाई," म्हणाला. "डोळं गेल्यात तिचं. कान मातर कुत्र्यागत हायेत." वाटेत सगळीकडे भात निसवलेलं. एका खाचरात बुजगावणं उभं होतं, कोणाचा तरी शाळेचा शर्ट घातलेलं. मी तोंड फिरवलं.

आमचं घर तिथे नाही. आमचा तेलाचा घाणा होता तिथे आता पाण्याची टाकी आहे. लोकांना आमचं नाव आठवत नाही, "शनवार तेली" म्हटलं की आठवतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली.

ठकुबाई ओसरीत बसली होती. मी म्हटलं, मी लेआ, सारूबाईची. तिने हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला.

"कोन? लेई? सारूबायची लेई? आगं बया! म्हातारी झालीस की गं!"

लेई. या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. भाऊसुद्धा लेआ म्हणतो. मला एकदम भरून आलं, आणि त्याचाच मला राग आला, कारण मी तपासायला गेले होते.

चहा झाला. मी सरळ विचारलं. आईचा कागद आहे का तुझ्याकडे?

"हाय की. एल्याबाबाचा कागुद. द्येवापाशी हाय."

एल्याबाबा! आमच्या एलियाहू नबीचा हिर्डोशीत एल्याबाबा झालाय. म्हटलं, दाखव.

"आता न्हाई बाय. घट बसल्यात. दसऱ्याबिगर हितलं काय बी हलवायचं न्हाई."

मी म्हटलं, हलवत नाही, नुसतं हातात घेऊन बघते. माझं काम आहे ते. आयुष्यभर तेच केलंय.

"द्येव बसल्यालं हायेत, लेई. तुज्या कामापायी उठवू व्हय त्यास्नी?"

माझ्या सणाला मी दार उघडत नाही, तिच्या सणाला ती देव्हारा हलवत नाही. तिने मला दारातून बघू दिलं. देवांच्या टाकांच्या मागे, झेंडूच्या माळेखाली, घडी घातलेला पिवळा कागद. एवढाच कोपरा दिसत होता. कोपऱ्यावर बारीक फुलांची किनार. छापील होती की हाताने काढलेली, तेवढ्या अंतरावरून माझ्या चष्म्याला कळलं नाही. अक्षर एकही दिसलं नाही.

विचारलं, तुला कसा मिळाला?

"तुमी भोरला गेलासा तवा सारूबायनं दिला. म्हनली, ठकू, ह्यात आमचा नबी हाय. तुज्या द्येवाशेजारी ऱ्हाऊ दे. वाटंत भिजंल."

आणि आईला वाचता येत नव्हतं ना?

"तिला कुठलं! तुजा बा वाचायचा, ती म्हनायची. गानी समदी तिचीच. बानं महाडातनं छापून आनली. तिला लई हरिक झाला व्हता. ज्याला त्याला दाखवायची. त्यात तू!"

मी काय केलं?

"घाण्यावरनं आलीस पळत, आन् तेलाचा हात ठिवलास पयल्याच पानावर. सारूबायनं असा धपाटा घातला पाठीत! आन् मंग सोताच रडत बसली. उद्या दार लावायचं आन् आज पोरीला मारलं, म्हनायची. सांच्याला तुज्या पाया पडली. एवढ्याशा पोरीच्या! म्या हसले तर म्हनली, ठकू, दार लागायच्या आंदी मानसानं मानसाची माफी मागायची असती. त्ये द्येव माफ करत न्हाई."

सौमित्र, ऐकतोस ना?

तो डाग मी रचला होता. बुजगावण्याला खरेपणा यावा म्हणून शर्ट घालतात तसा. मला धपाटा आठवत नाही. आईने माझ्या पाया पडल्याचं आठवत नाही. डोळे मिटून दोन दिवस आठवते आहे, काही म्हणजे काही नाही. आईचं गाणं तेवढं आठवतं, ते ठकुबाईने म्हणूनही दाखवलं:

तेलणीच्या दारी गं थांबला घोडा,
नबी म्हणे बाई, वात थोडी ओढा.

आता माझा संशय सांगते. लपवत नाही. ही सगळी हकिगत तू तिला पढवली असशील. तेलाचा डाग तुला माझ्या कार्डातून ठाऊक, महाड तूच लिहिलंस. म्हातारी माणसं एकदा ऐकलं की स्वतःचं म्हणून सांगतात. कोकणात अशा हकिगतींनी मला पुष्कळदा फसवलंय. मी तिला तसं विचारलंही, हे त्या पोराने सांगितलं का तुला म्हणून.

"त्यो काय सांगनार? त्यो व्हता का तवा?" ती म्हणाली. "त्यो आला तवा दसराच व्हता, घट उठल्यालं. म्हून हातात दिला. आदी हात धुऊन आला. फोटू काढू का इचारलं. मंग हितंच बसून रडला. म्या म्हनलं, का रं बाबा? तर म्हनला, बाईस्नी दाखवायचा हाय आन् बाईंचं दार बंद हाय."

हेही तू पढवलंस का?

निघताना ठकुबाई म्हणाली, दसऱ्याला ये, घट उठलं की देते हातात. पण यंदाही दसऱ्याच्या दिवशीच आमचं दार लागतंय. ती उघडते त्या दिवशी मी बंद.

चाळीस वर्षं कोकण पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं असेल का रे? की तू आणि ती मिळून मला उल्लू बनवताय? दोन्हींतलं एक खरं आहे, आणि कुठलं ते मला झोपू देत नाही.

पाकीट अजून रेडिओखाली आहे.

लेआ


भोर, १ ऑक्टोबर, दुपार

चि. सौमित्र,

हे पत्र पोस्टाने तुला पंधरा दिवसांनी मिळेल. तेवढा वेळ नाही. म्हणून सुलूला सुट्टी काढायला लावून समोर बसवलं आहे. लिहून झालं की ती याचा फोटो काढून तुला धाडणार. मोबाईलवर पाहणं म्हणजे पाहणं नव्हे असं मी लिहिलं होतं. असू दे.

संध्याकाळी दार लागेल. त्याआधी हे झालं पाहिजे.

सकाळपासून मी स्वतःशी भांडते आहे. नियम सांगतो, थांब. दसरा होऊ दे, परवा हिर्डोशीला जा, कागद हातात घे, किनार छापील आहे का बघ, मुद्रणस्थळ वाच, डाग हुंग. मग पार्सल परत मागव, मुखपृष्ठावरचं नाव बोटाने चाचप. मग माफी माग किंवा तक्रार टाक. चाळीस वर्षं मी असंच केलं आणि त्यात माझी एकही नोंद खोटी ठरली नाही. एक सोडून. आणि तीच खरी निघायच्या बेतात आहे!

पण परवा फार उशीर झालेला असेल. दार लागायच्या आधी माणसाने माणसाची माफी मागायची असते, हे आईने त्या ओसरीत म्हटलं होतं. ठकुबाईला तू काहीही पढवू शकतोस, अगदी डागसुद्धा. पण लेआ बिरवाडकर नावाच्या म्हातारीला कोणी कधी लेई म्हणत होतं, आणि तिच्या आईने तिच्या पाया पडून माफी मागितली होती, हे तू कुठल्या कार्डावरून घेणार? ते मी कुठेच लिहिलेलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

याने पुस्तक आहे असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पक्कं कळतं. सुलूलाही समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "लेआबाई, तुम्ही तुमच्या पोराची साक्ष काढताय की कागदाची?" बोलता बोलता लागेल असं बोलून जाते ही बाई.

तू माझा पोर आहेस का? तसं मी कधी म्हटलं नाही. तू ओट्यावर बसून अलेफ गिरवायचास आणि दिवेलागण झाली की तुझी आई हाक मारायची, तेव्हा मला दरवेळी वाटायचं, आज जरा उशिरा हाक मारली तर काय बिघडेल. आज सांगून टाकते. परवाच्या पत्रात कदाचित सांगवणार नाही.

मी तुला चोर म्हटलं. पंच, संधी, लायकी, असलं बोलले. तुझं पार्सल न उघडता परत पाठवलं आणि न वाचलेल्या ग्रंथाची निंदा केली. माझ्या हाताखाली कोणी हे केलं असतं तर मी त्याला ग्रंथालयात पाऊल टाकू दिलं नसतं. तुझं सोनं मी झाडून टाकलं. मला माफ कर रे.

हो, संशय अजून आहे. थोडा आहे. तो माझ्या हाडात आहे, तो एका दुपारीत कसा जाईल? माफी मागताना संशय संपलेला असावा असं कुठे लिहिलेलं नाही. मी बघितलं.

यंदाही आठवण झाली आणि कोणाला सोनं द्यावंसं वाटलं, तर तिथे आपटा मिळणार नाही, कुठलंही पान चालेल. माझ्या नावाने कुठल्यातरी दारात ठेव. पुढच्या वर्षी येशील तेव्हा कडी वाजव. दारफाळणी असली तरी वाजव. मी उघडणार नाही, पण आत कळेल.

२१४ ची नोंद मी आज नव्या कार्डावर लिहिली. एलियाहू हन्नबीचे गाणे. सारूबाई बिरवाडकर. महाड. पहिल्या पानावर तेलाचा डाग. हिर्डोशी, ठकुबाईच्या देव्हाऱ्यात. आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा: प्रत पाहिली नाही.

ऊन उतरायला लागलं. सुलू घड्याळ दाखवते आहे. मिळालं की तिला लगेच कळव. निळ्या खुणा उमटल्या म्हणजे वाचलं असं ती म्हणते, पण निळ्या खुणांवर माझा विश्वास नाही. दोन शब्द लिही.

मूळ पत्र परवा पोस्टात टाकीन. पाकिटावरची तिकिटं जरा सुरकुतलेली दिसतील. ती त्या तक्रारीवरची आहेत, आत्ताच पाण्यात भिजवून सोडवली.

लेई